कागदावर नाव कोणाचं?



मला विषय दिला आहे ‘गरिबी, स्त्रिया आणि सरकारी खाती’. भोजनदानाची वेळ होत आली आहे, तेव्हा थोडक्यात बोलते.

सरकार गरिबी मोजतं ती कुटुंबाची. पण एका घरात भाकरीसुद्धा सारखी वाटली जात नाही, पैसा तर लांबच राहिला. नवऱ्याची कमाई उत्पन्नाच्या दाखल्यावर चढते. ती बायकोच्या हातात पडते की गुत्त्यावर जाते, यासाठी दाखल्यात रकानाच नाही. त्यात खाती वेगवेगळी. प्रत्येकाचा गरीब वेगळा.

२०२४ सालचे नियम बघा. संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची, सामाजिक न्याय खात्याची. विधवा, परित्यक्ता यांच्यासाठी. तिची उत्पन्नमर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. त्याच वर्षी महिला व बालविकास खात्याने ‘लाडकी बहीण’ आणली, तिची मर्यादा अडीच लाख! मदत दोन्हीकडे महिना १,५००. आता धुणीभांडी करून महिना तीन हजार मिळवणारी एकटी विधवा घ्या. वर्षाचे झाले ३६,०००. पहिल्या टेबलावर ती गरीब नाही. दुसऱ्या टेबलावर आहे, पण पासष्ट वर्षांपर्यंतच. पासष्टी उलटल्यावर श्रावणबाळ योजना, तिथे पुन्हा २१,००० ची अट. म्हणजे हातपाय थकले की तीच बाई दोन्ही टेबलांवरून बाहेर! कुणा साहेबाने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दोन खाती एकत्र बसलीच नाहीत, एवढंच.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. त्यात बाईचा प्रश्न आणि मजुराचा प्रश्न एकाच कागदावर होता. तसं काम नंतरही कुठे कुठे झालं. दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजना, २००४ ची. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि विधवा-परित्यक्तांचा हक्क आधी. योजना उत्तम. फक्त सरकारी दरात जमीन विकायला पुढे येतो कोण, हे गावाकडच्या माणसांना विचारा! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचंही तसंच. रेशनकार्डासाठी घरातली सर्वांत मोठी, अठरा वर्षांवरील बाई कुटुंबप्रमुख. कायदा बोलला. आपल्या किती घरांत ते कार्ड बाईच्या हातात असतं?

घरकुलाचं, खात्याचं, सातबाऱ्याचं तेच. नवऱ्याचं निधन झालं की मग नावासाठी धावाधाव सुरू होते, आणि तोवर दीर-भाऊबंद कागद घेऊन बसलेले असतात. बांधवांनो, रागावू नका, पण हे कुठल्या खात्याने केलेलं नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. येत्या रविवारी वंदनेनंतर प्रत्येक घराने रेशनकार्ड, घराची पावती आणि बँकेचं पुस्तक विहारात आणावं. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज भरायला बसावं. ज्या आजींचं वय पासष्टच्या पुढे आहे, त्यांचे कागद आधी बघू.