मोटारसायकलीवरचे सुटलेले स्टिकर

नाशिक रोडला सिन्नर फाट्यावर पाच मिनिटं उभं राहिलं, की मोटारसायकलींची रांगच डोळ्यांपुढून जाते. कुणाच्या मागे द्राक्षांचे क्रेट, कुणाच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन. त्यांतच उंच मडगार्डच्या, जाड नक्षीच्या टायरच्या गाड्याही हल्ली दिसतात. त्यांना डर्ट बाइक म्हणतात. आपण मातीतली गाडी म्हणू. गाडी कोणतीही असो, दोन-तीन पावसाळे गेले की एक गोष्ट सर्वांच्या वाट्याला येते. टाकीवरच्या चित्राची, नक्षीच्या पट्ट्याची कड सुटते आणि वाऱ्यावर फडफडू लागते.

आपण म्हणाल, यात बोलण्यासारखं ते काय? दिसायला वाईट दिसतं, एवढंच ना? तेवढंच असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. पण ज्या प्रकारच्या डिंकानं टाकीवरचं चित्र चिकटतं, त्याच प्रकारच्या डिंकानं मागची चकाकणारी लाल पट्टीही चिकटते. ती पट्टी गळून पडली, तर अंधारात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण दिसणार कसे? म्हणून हे काम नीट शिकून घेण्याजोगं आहे.

आधी डिंकाची गोष्ट. नाशिक रोडच्या माणसाला डिंक नवा नाही. १९२० च्या दशकात इथं सरकारी सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. त्याआधी भारताची पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून येत. ती इथं छापली जाऊ लागली. तिकिटाच्या पाठीवरचा तो जुना डिंक कोरडा असतो. त्याला ओलावा दिला की तो जागा होतो, आणि वाळला की धरून बसतो.

गाडीवरच्या स्टिकरचा डिंक निराळ्या जातीचा. त्याला पाणी नको, दाब हवा. अमेरिकेत रिचर्ड ड्रू नावाच्या माणसानं १९२५ साली मोटारी रंगवणाऱ्या कारागिरांसाठी दाबानं चिकटणारी कागदी पट्टी तयार केली. पुढं १९३५ मध्ये स्टँटन एव्हरी यानं मागचा कागद सोलून लावायची लेबलं बाजारात आणली. आपल्या गाडीवरचं स्टिकर त्यांच्याच वंशातलं. हा डिंक कधी पुरता वाळत नाही. तो अतिशय घट्ट काकवीसारखा असतो आणि दाबला म्हणजे पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरून बसतो. म्हणून त्याच्या मागण्या तीन : स्वच्छता, ऊब आणि दाब. स्टिकर सुटलं, की या तिन्हींपैकी काहीतरी चुकलेलं असतं.

बहुधा चुकते ती स्वच्छता. पेट्रोल भरताना टाकीवर ओघळ येतो, साखळीचं तेल उडतं, द्राक्षावर फवारलेलं औषध सांडतं. गाडी चमकावी म्हणून आपण पॉलिश लावतो, त्याचाही तेलकट थर उरतो. शिवाय गुडघा आणि बूट रोज त्याच जागी घासतात. मग धुण्याच्या ठिकाणी दाबाच्या पाण्याचा फवारा नेमका कडेवर बसतो, आणि जरा सुटलेली कड पुरती उचलली जाते. तिच्याखाली ओली माती साठते. तिथं पत्र्याचा रंग खरवडलेला असला, तर गंज धरायला वेळ लागत नाही.

आता उपाय. प्रथम सुटलेला भाग बोटानं चाचपून पाहा. मागचा डिंक अजून बोटाला धरतो का? धरत असेल तर तेच स्टिकर पुन्हा बसेल. कापडच तडकलं असेल, ठिसूळ झालं असेल, तर त्याचा मोह सोडावा आणि नवं लावावं.

जुनं बसवायचं असेल, तर गाडी साबणाच्या पाण्यानं धुऊन पुरती वाळवा. मग औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. काडीला कापूस गुंडाळून त्यात बुडवा आणि स्टिकरखालचा पृष्ठभाग हळुवार पुसा. आधी एका कोपऱ्यात पुसून पाहावं, रंग उतरत नाही ना याची खात्री करावी. पुष्कळजण या कामाला रॉकेल किंवा पेट्रोल घेतात. तसं करू नये. रॉकेलचा तेलकट थर मागं राहतो आणि पेट्रोल तर आगीला आमंत्रण. अल्कोहोलही पेट घेतं, तेव्हा जवळ विडी नको, चूल नको, उदबत्तीसुद्धा नको.

दुसरी गोष्ट ऊब. थंडीत डिंक कडक होतो. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी चिकटवलेलं स्टिकर टिकणार नाही. दुपारी गाडी तासभर उन्हात ठेवा आणि मग काम करा. केस वाळवायचं यंत्र घरात असेल तर कोमट वारा द्या. पण टाकीचं झाकण घट्ट लावलेलं असावं आणि पेट्रोलचा वास येत असेल तर यंत्र सुरूच करू नये. काडेपेटी किंवा लायटर तर टाकीजवळ कधीच नेऊ नका.

तिसरा दाब. पट्टीला मऊ फडकं गुंडाळा आणि मधून कडेकडे दाबत न्या, म्हणजे खालची हवा निघून जाईल. फुगा राहिलाच तर बारीक सुईनं टोचून दाबा. टोकदार कोपरा कात्रीनं गोल करा, कारण स्टिकर सुटू लागतं ते कोपऱ्यापासून. एवढं झालं की दिवसभर पाणी लावू नका आणि तीन दिवस दाबाच्या फवाऱ्यापासून गाडी दूर ठेवा. डिंकाची पकड हळूहळू वाढते, तिला सवड द्यायला हवी.

इथपर्यंत झालं ते रंगवलेल्या पत्र्याचं. मातीतल्या गाड्यांचं अंग मात्र बरंचसं प्लास्टिकचं असतं आणि तिथं अडचण वेगळी येते. आपल्याकडे अळवावरचं पाणी म्हणतात ना? पानावर थेंब गोळा होऊन राहतो, पान काही भिजत नाही. मडगार्डचं प्लास्टिक डिंकाशी थोडंसं असंच वागतं. म्हणून तिथं साधं पातळ स्टिकर चालत नाही, जाड आणि जास्त डिंकाचंच घ्यावं लागतं. काही शर्यतीच्या गाड्यांची टाकीही पॉलिथिनची असते. तिच्यातून पेट्रोलची वाफ अगदी सावकाश बाहेर झिरपते आणि स्टिकरखाली फुगे धरते. तो दोष लावणाऱ्याचा नव्हे. अशा टाकीसाठी बारीक भोकांची स्टिकरं मिळतात, वाफेला वाट राहते. नाशकातही मातीवरच्या मोटारसायकल शर्यती झालेल्या आहेत. तिथं गाडीवरचा क्रमांक ही स्वाराची ओळख. तो चिखलात गळून पडला, तर फेऱ्या मोजणाऱ्यानं कुणाच्या नावावर मांडायच्या?

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गात तीन वस्तू घ्या : साबणानं धुतलेली स्टीलची ताटली, तेलाचं बोट फिरवलेली दुसरी ताटली आणि पॉलिथिनची स्वच्छ पिशवी. तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. धुतलेल्या ताटलीवर तो पसरेल, बाकी दोन्हींवर गोळा होऊन राहील. मुलांना विचारा, डिंक कुठं चांगला धरेल? उत्तर ती आपणहून देतील आणि घरी जाऊन वडिलांच्या गाडीवर पडताळूनही पाहतील.

आता शेवटची गोष्ट, आणि तीच मुख्य. आज संध्याकाळी आपल्या गाडीचं मागचं अंग पाहा. लाल परावर्तक जागेवर आहे का? त्यावरचा चिखल फडक्यानं पुसा. लाल चकाकती पट्टी लावली असेल तर तिच्या कडा दाबून पाहा. पट्टीच्या आत काचेचे बारीक मणी किंवा लोलकासारखे कण असतात. ते दिव्याचा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. कडेनं पाणी आणि धूळ आत शिरली की ती आंधळी होते. अशी पट्टी पुन्हा चिकटवत बसू नका, नवीच लावा, आणि लावताना वरच्या तिन्ही मागण्या पाळा. दिव्यावर किंवा नंबरावर मात्र कसलंही स्टिकर नको. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीलाही हीच रीत. उसाची ट्रॉली रात्री रस्त्याकडेला बंद पडते, तेव्हा तिच्या मागची हातभर पट्टी एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचवू शकते.

टाकीवरचं चित्र आज राहून गेलं तर उद्या करता येईल. मागची पट्टी मात्र आज अंधार पडायच्या आत पाहून घ्या.