शाळेच्या धड्यात व्यवसायाची ओळख

ज्या घरी बाप वकील वा डॉक्टर असतो, तेथील मुलास त्या व्यवसायाची वाट जेवणाच्या पाटावरच कळते. आपल्या घरी ती कोण दाखविणार? जन्माने लादलेली कामे आपण टाकली; त्यांच्या जागी काय घ्यावयाचे, हे शाळेनेच सांगितले पाहिजे.

दहावीनंतरच्या एका व्याख्यानाने हे साधणार नाही. तोपर्यंत गणिताच्या धास्तीने पुष्कळ मुलांनी अर्धी दारे स्वतःच लावून घेतलेली असतात. म्हणून रोजच्या धड्यातच ही ओळख हवी. त्रिकोणमिती शिकविताना भूमापकाचे काम सांगावे; रक्ताभिसरण शिकविताना परिचारिकेचे. त्यासाठी पुढे कोणते शिक्षण लागते, तेही सांगावे. पाच मिनिटे पुरेत. इंग्लंडमध्ये २०१४ साली गॅट्सबी प्रतिष्ठानच्या अहवालाने शाळांना जे आठ निकष सुचविले, त्यांतील चौथा नेमका हाच आहे.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ काम शिकावे, असे म्हटले आहे. श्रमास आपला विरोध नाही. परंतु कोणते मूल कोणत्या कामाला धाडले जाते, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. जातीचा धंदा नव्या नावाने परत आला, तर ते शिक्षण नव्हे.

पुढील पालकसभेत एवढेच विचारा : “गुरुजी, आजच्या धड्याच्या बळावर माझी मुलगी उद्या कोण होऊ शकेल?” उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा.