अशक्तपणा आणि ग्लुकोजची बाटली

‘अंगात त्राण नाही, ग्लुकोजची एखादी बाटली चढवून घेऊ का?’ तुमच्या पत्रांत हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आज त्याच्यावरच बोलते. उत्तर आधीच सांगून टाकते: नुसत्या अशक्तपणासाठी बाटली चढवून घेऊ नका.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर ग्लुकोज असतं. तेवढं पुरतं. पण ग्लुकोज म्हणजे ताकद नव्हे. पेशीचं काम चालतं ते एटीपी नावाच्या रेणूवर. १९२९ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्नायूंमधून वेगळा काढला; त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही तो सापडला.

ग्लुकोज पेशीत शिरलं की त्याचे दोन तुकडे होतात. इथवर ऑक्सिजन लागत नाही, पण एटीपीचे रेणूही निव्वळ दोनच मिळतात. पुढे हे तुकडे तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या मायटोकाँड्रियात जातात, ऑक्सिजनच्या मदतीने पुरते जळतात, आणि मग त्याच एका ग्लुकोजमागे एकूण तीसेक रेणू तयार होतात. खरी कमाई इथली आहे, आणि ती ऑक्सिजनवर अवलंबून आहे. ऑक्सिजन पोचवतं हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनला लोह लागतं, आणि तंतुकणिकेतल्या यंत्रणेलाही लोह लागतं. बी-१ जीवनसत्त्व नसेल, तर ते तुकडे पुढे सरकतच नाहीत.

आता सांगा, रक्त कमी असलेल्या बाईला बाटली काय देणार? चुलीला हवा मिळत नाही आणि आपण दारात लाकडं रचतोय!

बाटलीत असतं तरी किती? अर्धा लिटर, पाच टक्क्यांची. म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, शंभराच्या आत कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त असतात. नुसतं सलाईन असेल तर ते मिठाचं पाणी, त्यात एकही कॅलरी नाही. मग बरं का वाटतं? तासभर आडवं पडायला मिळतं आणि पोटात न गेलेलं पाणी शिरेतून जातं, म्हणून.

मधुमेह असेल तर प्रकरण आणखी अवघड. तिथे ग्लुकोज रक्तात भरपूर असतं, पण इन्सुलिन कमी पडल्यामुळे ते स्नायूंच्या पेशीत नीट शिरत नाही. म्हणून थकवा. त्यात वरून बाटली! आणि आपल्याला मधुमेह आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

मागे एका सुनेला घरची मंडळी माझ्याकडे तपासायला घेऊन आली. दोन्ही हातांवर सुयांच्या खुणा. जिना चढताना धाप लागायची, पाळीत रक्त फार जायचं, हे ती कितीतरी दिवस सांगत होती. हिमोग्लोबिन निघालं सहा. अहो, बाटल्यांना पैसे होते आणि तिचं थेंबभर रक्त तपासायला नव्हते? राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ‘बायकांचं चालायचंच’ असं कृपा करून म्हणू नका.

रक्त कमी निघालं आणि लोहाची गोळी दिली, तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. मधुमेहाचं औषध घेणाऱ्याची रक्तातली साखर उतरून एकाएकी घाम सुटला, हात थरथरले, तर मात्र तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तेव्हा सलाईन लावायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

एरवी दवाखान्यात गेलात की बाटली मागू नका. ‘माझं हिमोग्लोबिन आणि साखर तपासा’ असं म्हणा. दोन्ही तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात. आणि घरातली बाई थकलेय म्हणाली, तर याच आठवड्यात तिला घेऊन जा.