औषधाच्या दुकानातील खतावणी

शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारपेठेतून आपण हिंडत असता औषधाचे दुकान लागले नाही, असे सहसा होत नाही. भिंतभर लहानलहान खोकी मांडलेली असतात, आणि दुकानदार न बघता हात घालून नेमके औषध काढून देतो. त्याच्या स्मरणशक्तीचे आपल्याला कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. पण ही स्मरणशक्ती कोठे अपुरी पडते, एवढेच आज मला सांगायचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मुरबाड तालुक्यात असे दुकान चालवतो. मी पडलो वाणिज्य शाखेचा प्राध्यापक, तेव्हा हिशेबाची गाऱ्हाणी माझ्याकडे यायचीच. एका दिवाळीत तो म्हणाला, "सर, गल्ला रोज भरतो, पण वर्षाअखेर हातात काही उरत नाही." मी एक दिवस त्याच्या दुकानात जाऊन बसलो. मागच्या फडताळातून मुदत उलटलेल्या औषधांची दोन खोकी निघाली. घाऊक व्यापाऱ्याकडे ती परत करण्याची वेळही टळून गेली होती. त्याच दिवशी टोकावड्याकडची एक आजी एस.टी.ने आली. तिची रक्तदाबाची गोळी संपली होती, आणि दुकानातलीही! "आता काय करू रे बाबा?" एवढेच ती म्हणाली.

बघा, नको तो माल पडून आणि हवा तो नाही. ही दोन दुखणी दिसतात, पण मूळ एकच: कोणते औषध किती आहे आणि केव्हापर्यंत चांगले आहे, याची नोंद नाही.

वाण्याने तांदळाचे एक खाते ठेवले की त्याचे भागते. औषधाचे तसे नाही. एकाच गोळीच्या दोन बॅचा येतात. त्यांच्या मुदती निराळ्या, कधी किमतीही निराळ्या. म्हणजे एका गोळीची दोन खाती झाली. अशी हजारो खाती वहीत कोण लिहिणार? येथेच साठा व विक्रीचे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते म्हणजे काही जादू नव्हे. आपली जुनी खतावणीच ती, फक्त झटपट लिहिणारी.

त्याचे पहिले काम मुदतीचे. पुढच्या तीन महिन्यांत काय बाद होणार, याची यादी ते देते. ज्याची मुदत आधी संपते ते आधी विकावे; ज्याचा उठाव नाही ते वेळेत परत करावे.

दुसरे काम मागणीचे. समजा, एका गोळीच्या रोज सहा स्ट्रिपा खपतात आणि कल्याणहून माल यायला तीन दिवस लागतात. मग अठरा स्ट्रिपा उरताच मागणी गेली पाहिजे. पावसाळ्यात तेच दिवस पाच धरावेत आणि तीस उरताच मागवावे. गेल्या जुलैत क्षारसंजीवनीची पाकिटे किती खपली, हेही सॉफ्टवेअर सांगते. मग यंदाच्या जुलैत तारांबळ उडत नाही.

तिसरे काम मात्र नफ्यातोट्याच्या पलीकडचे आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष सापडले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याची सूचना काढली. त्या दिवशी प्रत्येक दुकानदारापुढे एकच प्रश्न होता: ही बॅच माझ्याकडे आली का, आणि आली असल्यास कोणाच्या घरी गेली? अशा प्रश्नाला "बहुधा नाही" हे उत्तर चालत नाही. बॅचवार नोंद असेल तर उत्तर मिनिटात मिळते. एच-१ अनुसूचीतील औषधांसाठी तर रुग्ण, डॉक्टर, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद तीन वर्षे जपावीच लागते.

यंत्र आपल्याकडे नवे नाही. मुरबाड तालुक्यातील धसई गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातील पहिले रोखविरहित गाव म्हणून जाहीर झाले होते. पण यंत्र आणणे सोपे, सवय लागणे कठीण. माझ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण सुटी गोळी ही होती. गर्दीत चार गोळ्या कापून दिल्या आणि नोंद राहिली, की पडद्यावर साठा दिसतो आणि खोके रिकामे! शिवाय मुदत छापलेल्या टोकाकडून स्ट्रिप कापली, तर उरलेल्या गोळ्यांची मुदत कळणार कशी?

म्हणून माझे सांगणे असे. आरंभी दोन दिवस मोडले तरी चालतील, पण सगळा माल मोजून घ्या. विक्री झाली की तेव्हाच नोंदवा; "रात्री लिहू" म्हणू नका. दर आठवड्याला कोणतीही दहा औषधे हाताने मोजून पडद्याशी ताडून पाहा. वीज जाते, म्हणून बॅटरी ठेवा. आणि हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर ठेवा.

माझा विद्यार्थी आता एवढे करतो. फडताळातली खोकी अजून निघतात, पण मुदतीच्या आत निघतात आणि परत जातात. आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ती आजी एस.टी.तून उतरते, तेव्हा तिची गोळी दुकानात असते.