अंगणातल्या फियाटचं काय करायचं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी आरोग्य, शिक्षण, गुंतवणूक अशा विषयांवर जाणकार बोलतात. आम्ही त्या पंक्तीतले नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेले, राज्य सरकारच्या नोकरीतले साधे माणूस आहोत. फक्त रविवारी चार-पाच जण मिळून जुन्या गाड्यांवर हात तेलकट करून घेतो. या हौसेबद्दल दोन शब्द सांगा, असं मंडळाने म्हटलं, म्हणून उभे आहोत.

विषय सुचवला तो मुलांनी. ‘फास्ट अँड फ्युरियस’मधली काळी डॉज चार्जर सगळ्यांना पाठ आहे. ‘काका, अशी गाडी घरी बनवता येते का?’ हा त्यांचा प्रश्न. अमेरिकेत 1964 साली पॉन्टियाक जीटीओ आली आणि तिथे या दणकट गाड्यांचं युग सुरू झालं. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं, हे त्यामागचं सूत्र. जीटीओचं इंजिन होतं जवळजवळ साडेसहा लिटरचं आणि ताकद तीनशे अश्वशक्तीच्या वर. आपल्या घरच्या फियाटचं इंजिन 1089 सीसी, म्हणजे सव्वा लिटरसुद्धा नाही, आणि ताकद चाळीसच्या आसपास. 1973 मध्ये तेलाचं संकट आलं, धुराचे कायदे कडक झाले, विमा महागला आणि ते युग ओसरलं. पण तिथल्या लोकांनी त्या गाड्या फेकल्या नाहीत. घराला लागून गॅरेज, भिंतीवर पाने, शनिवार-रविवारी बाप-लेक गाडीखाली, असा तिकडचा शिरस्ता. त्या गाड्यांचे सुटे भाग आजही नवे बनवून विकले जातात.

आता मुलांनो, एक गंमत ऐका. ज्या डॉज आणि प्लिमथ या नावांनी तुम्ही वेडे होता, त्या नावांच्या गाड्या एके काळी आपल्या कुर्ल्यात जोडल्या जात होत्या. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद तुम्हाला वालचंदनगरमुळे ठाऊक असतील. मालेगावकडच्या मंडळींना रावळगावच्या गोळ्यांमुळे जास्त जवळचे वाटतील. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि 1947 पासून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या सुटे भाग आणून कुर्ल्याला जोडल्या जाऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकात फियाट 1100 आली आणि 1970 च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो पाहून आपल्यापैकी कित्येकांना वाईट वाटलं.

पण टॅक्सी उतरली म्हणून घरची फियाट संपली असं नाही. खानदेशातून, कोकणातून, देशावरून इकडे सुरतेत आलेल्या आपल्या आधीच्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन घेतलेल्या त्या गाड्या. पलसाणा, कडोदरा, चलथाण, बारडोली या पट्ट्यात फिरताना आजही एखाद्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली ती ओळखीची गोल पाठ दिसते. घरात वाद एकच असतो. आजोबा म्हणतात राहू द्या. सूनबाई म्हणतात जागा अडली. मुलगा म्हणतो, रंग मारून, रुंद टायर टाकून, मोठं इंजिन बसवून ‘मसल कार’ करू. आणि भंगारवाला दारात काटा घेऊन उभा असतो. या वादात काय ठरवावं, एवढंच आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट, ती ताडपत्री काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि गाडी आतून कुजते. पत्र्याचं शेड आणि सुती कव्हर बरं. मग एक साधं लोहचुंबक घ्या आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, आतली जमीन यांवरून फिरवा. चुंबक चिकटलं तर पत्रा शाबूत. सुटून पडलं तर तिथे लांबी भरली आहे. रंगाच्या चकाकीला भुलू नका.

दुसरी गोष्ट, अनेक वर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून थेट सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी इंजिन हाताने फिरवून बघा. सहज फिरलं तर पुढे जा. जुनं ऑइल बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा नवे घाला. इथेनॉल आपल्याच उसापासूनही बनतं, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार!

तिसरी गोष्ट ब्रेक. पुष्कळ जण आधी रंग काढतात, सीट कव्हर शिवतात, हॉर्न बदलतात आणि ब्रेक शेवटी बघतात. म्हणजे आधी कळस, मग पाया. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. चाकांतल्या सिलिंडरची रबरं, रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल, हे सगळं नवं घातल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. चाकांना ओट लावा, स्टँड नाहीतर जाड लाकडी ठोकळे लावा आणि मगच खाली जा. मुलं मदतीला असतील तर हा नियम दहा वेळा सांगा.

सुटे भाग मिळतात का? मिळतात, पण शोधावे लागतात. मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार हे आमचे तीर्थक्षेत्र. जे तिथे मिळत नाही ते इथे बनतं. सुरत हे यंत्रमागांचं शहर आहे. मागाचे भाग लेथवर घडवणारे कारागीर उधन्यात आहेत. नमुना नेऊन दिला की सस्पेन्शनचं बुश तेही घडवतात. कागदी गॅस्केट घरी कात्रीने कापता येतं. आणि सीटच्या कापडासाठी तर सुरतकराने बाहेर बघायचं कारणच नाही. हे काम आमच्या घरच्या भगिनींनी आमच्यापेक्षा सरस केलं आहे.

आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बदल करावा का? आम्ही आपसांत एक नियम पाळतो. जो बदल परत काढता येतो तो करायचा, जो काढता येत नाही तो नाही. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, पण जुने पॉइंट डब्यात चिठ्ठी लावून ठेवा. हेडलाइटला रिले लावा, कारण जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून जातो. आमच्यातल्या एकाच्या गाडीला शहरातल्या एका गॅरेजने रिले न लावताच जोरदार दिवे बसवून दिले. आठवड्यात स्विच वितळला आणि स्टिअरिंगखालून धूर आला. बॅटरीची वायर वेळेत काढली म्हणून गाडी वाचली. दुसऱ्या गाडीचं इंजिन घालणं, छत कापणं, चासीला वेल्डिंग करणं हे मात्र परत काढता येत नाही. शिवाय चाळीस अश्वशक्तीसाठी बनवलेले ब्रेक आणि सस्पेन्शन दुप्पट ताकद पेलणार नाहीत. अमेरिकेतला जाणता माणूससुद्धा इंजिन वाढवलं की ब्रेकही वाढवतो.

आणि इथे कायदा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा बांधणीतला बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसता रंग बदलला तरी आरसीत नोंद करून घ्या.

पण कायदा फक्त अडवत नाही, काही देतोही. जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नको. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. म्हणून मुलांनो, नीट ऐका. आज हौसेने जे इंजिन बदलाल, त्याने आजोबांच्या गाडीचा हा मान कायमचा जाईल.

शेवटी कागदपत्रं, कारण आम्ही सरकारी माणूस. आपल्या बऱ्याच गाड्यांवर अजून एमएच नंबर आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. मालक वारले असतील तर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत वारसाच्या नावे अर्ज करायचा असतो. कित्येक घरांत हे राहून गेलेलं आहे. आता तरी करून घ्या, नावावर नसलेल्या गाडीचं पुढे काहीच करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. आणि चुंबक लावून पत्रा उरलाच नाही असं दिसलं, तर मन घट्ट करा, पण काट्यावर विकू नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी जाते आणि नाव कागदावर तसंच राहतं.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. ताडपत्री काढा, चुंबक फिरवा, आरसी शोधा. दसऱ्याला अजून दिवस आहेत. झेंडूचा हार घालायच्या आधी ब्रेक तपासून घ्या. काही अडलं तर रविवारी आम्ही आहोतच. पाने आमचे, चहा तुमचा.

जय महाराष्ट्र, जय गरवी गुजरात. गणपती बाप्पा मोरया!