रहस्यपट आणि पुस्तकं

आकाशवाणीच्या नाशिक केंद्रावरून आज थोडं रहस्यपटांमागच्या पुस्तकांविषयी.

आल्फ्रेड हिचकॉक म्हटलं की पडद्यावरचा थरार आठवतो. पण त्यांच्या अनेक चित्रपटांची सुरुवात कपाटातल्या पुस्तकापासून झाली. डॅफ्ने द्यू मॉरिए यांची ‘रिबेका’ कादंबरी १९३८ची, चित्रपट १९४०चा. रॉबर्ट ब्लॉक यांची ‘सायको’ १९५९ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी पडद्यावर पोहोचली. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो यांनी १९६२ मध्ये हिचकॉक यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तिचं पुस्तक १९६६ मध्ये निघालं. चित्रपट शिकणाऱ्याने ते वाचायलाच हवं.

आपल्याकडचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. राजा परांजपे यांचा १९६४चा ‘पाठलाग’! पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी स्त्री येते आणि म्हणते, मीच तुमची पत्नी. वकिलाच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर. ही कथा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीची. राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘पाठलाग’वरूनच हिंदीत ‘मेरा साया’ केला. त्यातली गाणी आजही आपल्या ओठांवर आहेत. मूळ मराठी लेखकाचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते.

चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. सिनेमा आणि ग्रंथ, दोन्ही आपल्या घरचे. तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी वाचनालयात गेलात, तर जयंत देवकुळे यांचं पुस्तक जरूर मागून पाहा.