माप मुलाचे घ्यावे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी संस्थेचा गौरव व्हावा हे उचितच आहे. तथापि मला एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी मी आपल्या बालमंदिराच्या प्रवेश समितीत होतो. एक चार वर्षांचा मुलगा नीट बोलत नाही, एका जागी बसत नाही, म्हणून आम्ही त्याला प्रवेश नाकारला. ‘याच्यासाठी वेगळी शाळा पाहा’, असे त्याच्या आईला मीच सांगितले. त्या माउलीने वाद घातला नाही. मुलाचे बोट धरून ती निघून गेली. तो मुलगा पुढे कोठे शिकला, हे मी कधी विचारलेही नाही.

पुढे वाचनात आले की, माँटेसरी पद्धतीचा उगमच अशा मुलांच्या शिक्षणात आहे. मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसोबत काम करून डॉ. मारिया माँटेसरी जे शिकल्या, तेच त्यांनी १९०७ साली रोममधील बालगृहात इतर मुलांसाठी योजिले. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

आम्ही मात्र मुलालाच शाळेच्या मापात बसवू पाहत होतो. माप अंगाचे घ्यावे आणि कापड त्याप्रमाणे बेतावे, हे माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला तरी उमजावयास हवे होते !

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली. सर्व मुलांनी एकत्र शिकावे व अध्यापनपद्धती त्यांच्या गरजेनुसार बदलावी, हा त्यातील सर्वसमावेशक शिक्षणाचा अर्थ आहे. यातील कित्येक गोष्टींना खर्च नाही. कमी ऐकू येणाऱ्या बालकास शिक्षिकेचा चेहरा दिसेल अशी जागा द्यावी. दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवावा. एका वेळी एकच सूचना द्यावी. गलबल्याने बावरणाऱ्यास शांत कोपरा असावा. अक्षर डोळ्यांनी न उमगल्यास ते खरखरीत कागदावर बोटाने गिरवू द्यावे. याचा लाभ वर्गातील प्रत्येक मुलास होतो.

परंतु सारा भार एकट्या शिक्षिकेवर टाकणे अन्यायाचे होईल. तिला प्रशिक्षण हवे, मदतनीस हवी आणि विशेष शिक्षकाचे मार्गदर्शनही हवे. त्यासाठी मात्र धन लागेल.

सत्याला अनेक बाजू असतात, असे अनेकांत आपणास शिकवितो. मग शिकण्याची वाट एकच कशी असेल ? आपल्या परंपरेने ज्ञानदानास श्रेष्ठ मानले आहे. म्हणून माझी नम्र विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रथम एका विशेष शिक्षिकेची नेमणूक व्हावी. माझा वाटा मी आजच देत आहे. त्यासाठी संगमरवरी फलकावर माझे नाव नको. प्रवेशासाठी आलेली कोणतीही माता आपल्या दारातून परत जाऊ नये, एवढे पुरे.